वंध्यत्वावरील उपचार आणि योग: काय मिळते, काय मिळत नाही

योग केल्याने मूल होते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की तसे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा आज उपलब्ध नाही. तरीही वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांना अनेक डॉक्टर योग करायला सांगतात, आणि तो सल्ला योग्य आहे. उपचारांचे महिने, कधी कधी वर्षे, ज्या शरीराने आणि मनाने काढायची असतात, ते शरीर आणि मन टिकवण्याचे काम योग चांगले करतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकीकडे खोटी आशा विकली जाते आणि दुसरीकडे, गर्भ राहिला नाही म्हणजे आपणच आसने नीट केली नाहीत, असा अपराधभाव स्त्रीच्या माथी बसतो.

नियमित शरीरसंबंध असूनही आणि कोणतेही संततिनियमन न वापरताही १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकीय भाषेत त्याला वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. कारणे अनेक असतात: स्त्रीबीज वेळेवर न फुटणे, गर्भनलिका बंद असणे, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असणे; आणि काही जोडप्यांत तर सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही गर्भ राहत नाही. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तो बहुतेक वेळा कोणतीही ठळक तक्रार न देता नळ्या खराब करून जातो. अशी बंद नळी कोणत्याही आसनाने उघडत नाही.

हे स्पष्ट सांगण्याची गरज आहे, कारण आपल्याकडे तपासणीला जाण्याआधीच एक लांबलचक क्रम लावला जातो. आधी अंबाबाईची ओटी भरा, मग जोतिबाला जाऊन या, नंतर एखाद्या वैद्यांचा काढा घ्या, सहा महिने योग करून बघा आणि नाहीच काही झाले तर डॉक्टर. श्रद्धेबद्दल तक्रार नाही; अंबाबाईची ओटी आणि डॉक्टरांची भेट एकाच आठवड्यात होऊ शकते. तक्रार आहे ती वाया जाणाऱ्या वेळेबद्दल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानासंबंधीच्या २०२१ च्या कायद्यानुसार आयव्हीएफसारखे (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचे) उपचार स्त्रीला वयाच्या ५० वर्षांपर्यंत आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंत घेता येतात, परंतु शरीर कायद्याची वाट पाहत नाही, आणि पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने घसरू लागतात. म्हणून योग सुरू करायचा तो तपासण्यांच्या सोबत. त्यांच्या आधीची पायरी म्हणून मुळीच नाही.

‘टेन्शन घेऊ नकोस, मग होईल’

हळदीकुंकवाला, बारशाला किंवा गौरी-गणपतीत सासरी जमलेल्या बायकांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येते. ‘काय गं, काही गोड बातमी?’ असे विचारून झाल्यावर मावशी किंवा आत्याबाई प्रेमाने पाठीवरून हात फिरवत ते म्हणतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण या वाक्याचा अर्थ असा निघतो की मूल न होण्याचे कारण तिची काळजी आहे, म्हणजे दोष पुन्हा तिचाच.

या समजुतीची तपासणी झालेली आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. उपचार सुरू होण्याआधी कोणाला किती मानसिक ताण आहे आणि त्या उपचारचक्रात गर्भ राहतो की नाही, यांचा परस्परसंबंध त्यात आढळला नाही. खूप काळजी करणाऱ्या स्त्रियांना गर्भ राहिला, शांत असणाऱ्यांना राहिला नाही, आणि उलटही झाले. आयव्हीएफच्या मधल्या काळात एखाद्या रात्री रडू आले म्हणून उपचार वाया जातील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

मग मेंदूचा आणि पाळीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग ठराविक अंतराने, पाळीच्या पहिल्या टप्प्यात साधारण तास-दीड तासाने, एका संप्रेरकाचा झटका सोडतो. त्यावरून पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके तयार करते, आणि त्यांच्या हुकमावर बीजकोशात स्त्रीबीज वाढते व फुटते. उपासमार, वजन फार घटणे, अतोनात व्यायाम किंवा फार तीव्र व दीर्घ ताण असेल तर हे झटके मंदावतात आणि पाळी लांबते किंवा बंदच होते. परंतु अशा स्त्रीची पाळीच तसे सांगत असते. जिची पाळी दर महिन्याला वेळेवर येते, तिचे स्त्रीबीज बहुधा फुटत असते, आणि ‘टेन्शन’मुळे ते अडले असे म्हणायला तिच्या बाबतीत आधार नाही.

ताणाचा दुसरा परिणाम मात्र खरा आणि मोठा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की वंध्यत्वाच्या उपचारांत असलेल्या स्त्रियांमधील चिंता आणि नैराश्य हे कर्करोग किंवा हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये आढळते तितक्याच पातळीचे असते. अनेक जोडपी उपचार अर्धवट सोडतात, आणि त्यामागे पैशांइतकाच हा थकवा असतो. आयव्हीएफच्या एका चक्राचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. आजरा, चंदगड किंवा गारगोटीहून दर एक-दोन दिवसांआड फॉलिकल स्टडीसाठी, म्हणजे स्त्रीबीजाची पिशवी किती वाढली हे पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी, एसटीने कोल्हापूरला यायचे, सीबीएसवरून म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा करायची, दवाखान्यात दोन तास नंबर लावून बसायचे, आणि रजा का हवी याचे कारण कामाच्या ठिकाणी सांगता येत नाही म्हणून खोटे बोलायचे. योगाचे काम या ठिकाणी सुरू होते.

श्वासाने नेमके काय होते

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही मज्जातंतू अधिक काम करते, आणि तिचे काम शरीराला सावकाश आणण्याचे आहे. आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. चार अंक मोजत श्वास घेतला आणि सहा अंक मोजत सोडला, अंक सेकंदाच्या गतीने धरले, तर मिनिटाला सहाच श्वास होतात. पाच-दहा मिनिटे असे केल्यावर खांदे खाली येतात, जबडा सैल पडतो आणि छातीतील धडधड उतरते. यात गूढ काही नाही, शरीराची यंत्रणाच तशी आहे. एसटीच्या खिडकीजवळ बसूनही ते करता येते, कोणाला कळतसुद्धा नाही. अनुलोम-विलोम याच तत्त्वावर चालतो, फक्त श्वास रोखून धरण्याचा भाग या काळात वगळावा. भ्रामरीत ‘म्’चा गुंजारव करताना श्वास आपोआप लांबतो, त्यामुळे ज्यांना अंक मोजणे कंटाळवाणे वाटते त्यांना ती जास्त मानवते.

योगाचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याचे काम महाराष्ट्रात फार आधी सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले ते १९२४ मध्ये, त्याच उद्देशाने. वंध्यत्वाच्या संदर्भातले अभ्यास मात्र अजून लहान आहेत. त्यांत चिंता, उदासी आणि झोप यांत सुधारणा बऱ्याचदा दिसते. गर्भधारणेचे प्रमाण वाढते असे म्हणण्याइतकी मोठी आणि काटेकोर आकडेवारी जमलेली नाही.

पीसीओएस, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात, त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. या विकारात शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही, रक्तात इन्सुलिन वाढते, त्यामुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि स्त्रीबीज पूर्ण वाढून फुटत नाही. स्नायू वापरले गेले की साखर शोषली जाते आणि इन्सुलिनची गरज कमी होते. वजन जास्त असलेल्या स्त्रीने शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरवले तरी अनेकदा पाळी नियमित होऊ लागते. आंध्र प्रदेशात पीसीओएस असलेल्या किशोरवयीन मुलींवर झालेल्या एका अभ्यासात १२ आठवड्यांच्या योगाने काही संप्रेरकांची पातळी साध्या व्यायामापेक्षा जास्त सुधारली. त्या मुली गर्भधारणेसाठी प्रयत्न करत नव्हत्या, त्यामुळे त्यावरून मूल होण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही पीसीओएसमध्ये सूर्यनमस्कार, वीरभद्रासन, त्रिकोणासन यांसारखा अंग तापवणारा योग आणि रोजचा रंकाळ्याभोवतीचा फेरा यांना उपचाराचा भाग मानायला हरकत नाही. याउलट जिचे वजन आधीच कमी आहे आणि पाळी लांबते आहे, तिने असा दमवणारा सराव करू नये. एकाच वर्गात दोघींना सारखेच शंभर सूर्यनमस्कार घालायला लावणारा शिक्षक या कामाचा नाही.

उपचारांच्या टप्प्यांप्रमाणे सराव बदलावा लागतो

तपासण्या चालू असताना किंवा साध्या गोळ्यांवर प्रयत्न चालू असताना, डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर नेहमीचा सराव चालतो. पाळीच्या दिवसांत कपालभाती, भस्त्रिका आणि सर्वांगासनासारखी उलटी आसने बाजूला ठेवावीत, असा परंपरेतला संकेत आहे, आणि त्या दिवसांत विश्रांती कोणाला नको असते? महिनाभर वाट पाहून पाळी आलेली असते, तो दिवस तसाही कठीण असतो. लोड किंवा घट्ट गुंडाळलेली वाकळ पाठीखाली लांबीला ठेवून, तळपाय एकमेकांना जुळवून, गुडघ्यांखाली उशा देऊन पडणे म्हणजे सुप्त बद्धकोणासन; त्यात दहा मिनिटे पडून राहिल्यावर ओटीपोट आणि कंबर सैल होते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, विटा, घोंगड्या यांचा आधार देऊन आसने करण्याची पद्धत विकसित केली ती अशाच, ताकद लावणे शक्य नसलेल्या शरीरांसाठी फार उपयोगी ठरते. घरात पट्टा नसेल तर जुन्या साडीची घडी पुरते.

आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजे वाढवण्याची इंजेक्शने सुरू झाली की मात्र नियम कडक होतात. साधारण ८ ते १४ दिवसांच्या या काळात एका बीजकोशात एकाऐवजी अनेक फॉलिकल वाढतात आणि बीजकोश नेहमीपेक्षा कितीतरी मोठा व जड होतो. असा जड बीजकोश आपल्याच देठाभोवती पिळला जाण्याचा धोका असतो. तसे झाले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून या दिवसांत कंबर पिळणारी आसने, पोटावर दाब देणारी धनुरासन-भुजंगासनासारखी आसने, सर्वांगासन-शीर्षासन, उड्या, जलद सूर्यनमस्कार आणि कपालभाती हे सगळे पूर्ण बंद. राहते ते काय? बसून किंवा पडून श्वासाचा सराव, हात-मान-खांद्यांच्या हलक्या हालचाली, भिंतीला टेकवून पाय वर करून पडणे, तेही आरामदायी वाटत असेल तर, आणि शवासन. पाय वर केल्याने गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढून गर्भ रुजतो, असे ठासून सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते मोजून सिद्ध झालेले नाही. पाय हलके होतात आणि झोप बरी लागते, इतके कारण पुरेसे आहे.

स्त्रीबीजे काढल्यानंतर म्हणजे एग पिकअपनंतरही बीजकोश काही दिवस मोठेच असतात, त्यामुळे हीच काळजी पुढे चालू ठेवावी लागते. या काळात पोट झपाट्याने फुगणे, तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढणे, यांपैकी काहीही झाले तर प्राणायामाने बरे वाटते का याची वाट पाहू नये. बीजकोश अतिउत्तेजित झाल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्यासाठी लगेच दवाखान्यात जावे लागते.

गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर, म्हणजे ट्रान्सफरनंतर, रक्तातील बीटा एचसीजीच्या (गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या संप्रेरकाच्या) तपासणीपर्यंतचे दिवस बहुतेक स्त्रियांना सगळ्या उपचारांत अवघड वाटतात, कारण तोवर रोज काहीतरी करायचे असते आणि आता करण्यासारखे काहीच उरत नाही. घरची मंडळी मायेपोटी तिला पलंगावरून उतरू देत नाहीत. ट्रान्सफरनंतर सक्तीने पडून राहिल्याने गर्भ रुजण्याचे प्रमाण वाढत नाही, हे अभ्यासांत दिसून आले आहे. चालल्याने, जिना चढल्याने किंवा शिंकल्याने गर्भ गळून पडत नाही. हलके चालणे, घरातली नेहमीची हलकी कामे आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचा श्वासाचा सराव एवढे या दिवसांत ठीक. रात्री दोन वाजता जाग येऊन मन भविष्याच्या मागे धावू लागले की उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून एकेका अवयवाकडे लक्ष नेत योगनिद्रा करावी. झोप लागली तर उत्तम, नाही लागली तरी मोबाइलवर लक्षणे शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

नवऱ्याचा योग

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. तरीही सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि एचएसजीच्या (गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणाऱ्या एक्स-रेच्या) वेदना सोसून झाल्यावर शेवटी कधीतरी नवऱ्याची वीर्यतपासणी होते. तालमींच्या आपल्या कोल्हापुरात पुरुषाच्या ताकदीबद्दलचा अभिमान मोठा आहे, आणि अंगावरच्या ताकदीचा शुक्राणूंशी संबंध नाही हे पटवून देणे सोपे नाही. ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनवेदनेची आहे, म्हणून ती सगळ्यांत आधी व्हायला हवी.

वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातील फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणारे, हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालणारे आणि दिवसभर गाडी चालवणारे यांनी आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मावा, गुटखा, सिगारेट आणि दारू यांचा परिणाम आहेच. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टिरॉइडची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मिती थेट थांबवू शकतात, कारण बाहेरून संप्रेरक मिळाल्यावर मेंदू आतला हुकूम बंद करतो. अशा माणसाने कितीही प्राणायाम केला तरी ती इंजेक्शने बंद होईपर्यंत उपयोग नाही, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावीत.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, म्हणून आज तंबाखू सोडली, झोप सुधारली, वजन उतरवले तर त्याचा परिणाम तपासणीत दिसायला तीन महिने जातात. दिल्लीच्या एम्समध्ये, ज्यांच्या पत्नींचे वारंवार गर्भपात झाले होते अशा पुरुषांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात योग आणि ध्यानानंतर शुक्राणूंच्या डीएनएची हानी कमी झाल्याचे दिसले. तो अभ्यास अंतिम शब्द नव्हे. पण नवऱ्याने बायकोशेजारी जाजम अंथरून सकाळी वीस मिनिटे बसण्याचा दुसरा फायदा कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळतो. उपचारांच्या काळात शरीरसंबंधसुद्धा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला होतात, आणि दोघांना एकमेकांच्या सहवासात काही न साधता नुसते बसता येईल अशी वेळ उरत नाही. ती त्यातून मिळते.

शिक्षक कसा निवडावा आणि योग कुठे कमी पडतो

वर्ग लावायचा असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना उपचारांबद्दल एकट्याने भेटून सांगावे, आणि गर्भवतींच्या वर्गातच तुम्हाला बसवणार का हे विचारून घ्यावे. गर्भसंस्काराच्या तुकडीत, सातव्या-आठव्या महिन्यातील स्त्रियांच्या शेजारी बसून मन शांत ठेवण्याची अपेक्षा अमानुष आहे, आणि तरी ती केली जाते. इतक्या महिन्यांत खात्रीने गर्भ राहील असे सांगणाऱ्या किंवा डॉक्टरांची औषधे बंद करायला लावणाऱ्या वर्गात पुन्हा पाऊल टाकू नये. खोली तापवून करायचा योग दोघांनीही टाळावा.

सणावाराला, बारशाला किंवा ओटभरणाला न जाण्याचा निर्णय घेणे हेसुद्धा स्वतःची काळजी घेणेच आहे. जावेच लागले तर निघण्याआधी पाच मिनिटे लांब श्वास सोडण्याचा सराव करावा आणि ‘डॉक्टरांकडे चालू आहे, आत्या, काही असेल तर मीच सांगेन’ असे एक वाक्य तयार ठेवावे.

तपासणी नकारात्मक आली तर त्या आठवड्यात सराव सुटला तरी चालेल. रडायचे असेल तर शवासनात रडू येतेच, ते अडवू नये. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगण्याची इच्छा नाही असे विचार येत असतील, तर ते योगाच्या आवाक्याबाहेरचे आहे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि जगण्याची इच्छा नसल्याचे विचार असतील तर त्याच दिवशी तिथे फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जावे. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिले तर ते घेत प्राणायामही चालू ठेवता येतो. फक्त गर्भधारणेचे उपचार चालू आहेत हे त्यांना आधी सांगावे, कारण कोणते औषध द्यायचे हे त्यावर ठरते.